ग्वाल्हेरला येताय? मग तोफेपाशी थांबा

सुट्ट्या लागल्या की महाराष्ट्रातून ग्वाल्हेर बघायला येणाऱ्यांची गर्दी सुरू होते. जयविलास महालातली साडेतीन-साडेतीन टनांची झुंबरं, जेवणाच्या टेबलावर फिरणारी चांदीची आगगाडी, फुलबागेतली राणी लक्ष्मीबाईंची समाधी आणि किल्ला. सगळं बघावंच. पण शस्त्रांपाशी आलं की तलवारींसमोर एक सेल्फी, तोफेवर पोराला बसवून एक फोटो, आणि मंडळी पुढे! हे फार मनाला लागतं. ज्या शहरातल्या मुख्य वस्तीचं नावच 'लष्कर' आहे, तिथून तोफ न बघता परतू नका.

लष्करात 'कंपू' नावाचा भाग आहे. आज आपण टोळक्याला कंपू म्हणतो, पण महादजी शिंद्यांच्या काळात कवायती पलटणींच्या तुकडीला कंपू म्हणत. १७८४ पासून शिंद्यांच्या चाकरीतल्या डी बॉयन या युरोपीय सेनानीने हे कंपू उभे केले आणि १७९० मध्ये राजस्थानातली पाटण आणि मेडता ही दोन मोठी मैदानं त्यांनीच मारली. शिंद्यांची तलवार सगळ्यांना ठाऊक असते, पण या लढायांतला खरा जोर बंदुका आणि तोफांचा होता.

म्हणून आवारात तोफ दिसली की दहा मिनिटं तिच्याजवळ द्या. हात लावायचा नाही, वर बसायचं तर मुळीच नाही. आधी धातू बघा. हिरवट-तपकिरी असेल तर ती कांस्याची, म्हणजे साधारण नऊ भाग तांबं आणि एक भाग कथील. काळी, खरबरीत असेल तर ओतीव लोखंडाची. कांस्य महाग, पण ताण आला की आधी फुगतं, फाटतं. ओतीव लोखंड काही इशारा न देता फुटतं आणि त्याचे तुकडे आपल्याच गोलंदाजांना लागतात. मग तोंडाची रुंदी बघा. सुमारे साडेनऊ सेंटिमीटर असेल तर ती सहा पौंडी, गोळा पावणेतीन किलोचा. पावणेबारा सेंटिमीटर असेल तर बारा पौंडी, गोळा जवळपास साडेपाच किलोचा.

आता मागच्या बाजूचं, वरचं छोटं भोक बघा. तोच तोफेचा कान. तोफ भरताना आधी ओला बोळा लावलेला गज नळीत फिरवायचा, मग दारूची थैली, मग गोळा, आणि गजाने ठासायचं. कानातून सळई घालून थैली फोडायची, रंजक, म्हणजे पेटवायची बारीक दारू भरायची, बत्ती द्यायची. बोळा फिरत असताना एकाने कानावर अंगठा दाबून धरायचा, म्हणजे आत वारा शिरून धग फुलत नाही. यात हयगय झाली तर नवी थैली आतल्याआत पेटते आणि ठासणाऱ्याचे हात जातात. प्रत्येक बार उडताना कानातून तापलेला वायू सुटतो, त्यामुळे कांस्य झिजतं, भोक रुंदावतं, जोर कमी होतो. कानाभोवती वेगळ्या रंगाचं वर्तुळ दिसलं तर समजा, तिथे नंतर तांब्याची नळी बसवली आहे. ही तोफ खूप चालली आहे! आणि कानात खिळा ठोकलेला दिसला, तर ती शत्रूच्या हाती पडताना निकामी केली असण्याची शक्यता मोठी. 'कानात मेख मारली' हे आपण नुसतं वाचतो, इथे ते डोळ्यांनी दिसू शकतं.

१८०३ मध्ये दिल्लीजवळ इंग्रजांनी शिंद्यांच्या तोफा काबीज केल्या, तेव्हा त्यांच्याच अधिकाऱ्यांनी नोंद केली की काही तोफांची आतली नळी लोखंडी आणि वरचं अंग पितळी आहे, काहींवर मथुरा आणि उज्जैन इथल्या ढाळणीची नावं आहेत, आणि नेम वर-खाली करायला स्क्रू आहे. नळी झिजू नये म्हणून आत लोखंड, फुटू नये म्हणून बाहेर पितळ. हे आपल्या कारखान्यांत होत होतं! त्याच वर्षी २३ सप्टेंबरला आसईला, म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यात, झालेल्या लढाईत शिंद्यांचे गोलंदाज तोफांखाली मेल्यासारखे पडून राहिले, इंग्रजांची रांग पुढे गेली, आणि उठून त्यांनी पाठीमागून मारा केला. इंग्रजांकडे मेलेले-जखमी मिळून दीड हजारांवर गेले. लढाई हरलो, शंभराच्या आसपास तोफा गेल्या.

तलवारींबद्दल थोडक्यात. मूठ लहान दिसते म्हणून 'तेव्हाच्या माणसांचे हात लहान होते' असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. मागची गोल चकती मनगटाला अडते, पकड घट्ट राहते आणि वार ओढून कापता येतो. वजन बहुतेक किलोभर, वीस किलो वगैरे नाही. चिलखत दिसलं तर कड्या बघा. कड्यांवर बारीक रिव्हेट असतील तर ते बहुधा लढाईचं, टोकं नुसती भिडवलेली असतील तर बहुधा मिरवणुकीचं. काचेवरची चमक टाळायला मोबाईलची लेन्स थेट काचेला टेकवा, फ्लॅश बंद, आणि आधी पाटीचा फोटो घ्या, नाहीतर घरी गेल्यावर कोणतं काय ते कळत नाही.

इतकी मोठी तोफदलाची परंपरा, मग तोफा एवढ्याच का, असं वाटेल. २९ डिसेंबर १८४३ ला एकाच दिवशी महाराजपूर आणि पनिहार इथे ग्वाल्हेरची फौज हरली. हाती आलेल्या तोफा वितळवून इंग्रजांनी आपल्या सैनिकांसाठी 'ग्वाल्हेर स्टार' नावाची पदकं बनवली. त्याच तोफांचा धातू घालून कलकत्त्याला हुगळीच्या काठावर स्मारक उभारलं, ते आजही तिथे आहे. कलकत्त्याला जाल तेव्हा तेही बघून या.