बाथरूमची फरशी कोरडी दाखवून विकू नका

टाइल्सच्या दुकानात सगळं असतं. डोळे दिपवणारे दिवे, एसी, कॉफी, भिंतीला टेकवून उभ्या केलेल्या माणसाएवढ्या टाइल्स. नसतं ते फक्त पाणी. ज्या फरशीवर आपण अनवाणी, ओल्या पायांनी, साबणाच्या फेसात उभे राहणार, ती फरशी आपण पायात चप्पल घालून, कोरडी आणि तीही उभी पाहून पसंत करायची. परवा मी पिशवीतली बाटली काढून नमुन्यावर थोडं पाणी ओतलं, तर सेल्समन फडकं घेऊन धावला. ‘मॅडम, डाग पडेल!’ अरे, पाण्याने डाग पडेल अशी टाइल तू मला बाथरूमसाठी विकतोयस?

‘ओली झाल्यावर घसरते का?’ एवढाच माझा प्रश्न होता. उत्तर काय, तर ‘व्हिट्रिफाइड आहे मॅडम, पाणी शोषतच नाही.’ मी शोषण्याचं विचारलं होतं का? व्हिट्रिफाइड, म्हणजे भाजून काचेसारखी घट्ट केलेली टाइल अर्ध्या टक्क्याहून कमी पाणी शोषते हे मलाही माहीत आहे. त्यामुळे टाइल टिकते, पण पाय टिकत नाही. पाय टिकतो तो टाइलच्या पृष्ठभागावर, आणि तो किती पकड देतो हे मोजायची पद्धत कधीचीच ठरलेली आहे. उतरत्या फळीवर टाइल बसवतात, साबणाचं पाणी सोडतात, माणसाला अनवाणी चालवतात आणि फळी हळूहळू तिरकी करत जातात. किमान १२ अंशांपर्यंत पाय धरला तर ए, १८ पर्यंत बी, २४ पर्यंत सी. बूट घालून तेलकट फळीवर केलेल्या चाचणीचे आकडे वेगळे, आर ९ पासून आर १३ पर्यंत. आर ९ म्हणजे त्यातला सगळ्यात खालचा. आंघोळीच्या जागेला निदान बी तरी हवीच. हे मी विचारलं तर सेल्समनने मालकाकडे पाहिलं आणि मालकाने कॅटलॉगकडे. खोक्यावर साइज, शेड, बॅच, नगांची संख्या, किंमत, सगळं छापलेलं. हे एक सोडून.

आणि बिल्डर? आमच्या घरात हॉलपासून बेडरूमपर्यंत दोन बाय दोनची चकचकीत टाइल आहेच, पण तीच त्याने पॅसेजमधून सरळ स्वयंपाकघरात नेली. बाथरूममध्येही मोठीच घातली, का, तर ‘जोड कमी दिसतात, लूक येतो’. बाथरूममध्ये जोडच तर हवे असतात! एक बाय एकची किंवा त्याहून लहान, खरखरीत टाइल घातली की प्रत्येक सांध्यावर पायाला धर मिळतो, आणि मिस्त्रीला चारही बाजूंनी नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी जायच्या जाळीकडे ढाळ काढता येतो. मीटरमागे निदान एक सेंटीमीटर तरी ढाळ हवा. मोठी टाइल काय वाकणार आहे का? ती एकाच बाजूला तिरकी बसते किंवा मग कापावी लागते. कापायचा कंटाळा, म्हणून सपाट टाकून मोकळे. मग जाळीपासून दोन हातांवर पाणी साचतं, त्यावर साबणाची साय धरते, आणि रोज सकाळी ७८ वर्षांच्या सासूबाई भिंतीला हात लावत लावत आत जातात. त्या बाहेर येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. या वयात खुब्याचं हाड मोडलं म्हणजे काय होतं, ते ज्यांच्या घरात घडलंय त्यांना विचारा.

‘रबरी मॅट टाका ना,’ म्हणे. टाकली. तिच्याखाली बुळबुळीत थर साचतो आणि मॅटच सरकते. अ‍ॅसिड ओता म्हणणारे शहाणेही भेटले. अ‍ॅसिडने सांध्यातलं सिमेंट खाल्लं जातं आणि पाणी खालच्यांच्या छतात उतरतं, हे कोण सांगणार?

स्वयंपाकघराबद्दल तर बोलायलाच नको. फोडणीचं तेल उडणार, पीठ सांडणार, ओट्याखाली पाणी येणार, हे ज्याने आयुष्यात एकदा पोळ्या केल्या आहेत त्याला कळतं. तिथे आरशासारखी फरशी आणि तिच्या जोडांत पांढरं सिमेंट! हळदीने महिन्याभरात पिवळं, मग काळं. इपॉक्सी, म्हणजे डाग न शोषणारं रेझिनचं मिश्रण भरलं असतं तर पुसून निघालं असतं, पण त्याला खर्च जास्त. तोच बिल्डर गेटवर कारंजं बांधतो, त्याला खर्च होत नाही.

इमारतीच्या लॉबीत आणि जिन्यावर पॉलिश केलेला ग्रॅनाइट. पुण्यात पाऊस पडतो हे नकाशा काढणाऱ्याला कोणी सांगितलं नव्हतं का? जूनपासून सप्टेंबरपर्यंत छत्र्या आणि रेनकोट तिथेच निथळतात. शाळेची मुलं पळत येतात, डिलिव्हरीवाली पोरं चिखलाच्या बुटांनी धावत येतात. त्यावर उपाय काय, तर ‘सावकाश चाला’ अशी पाटी. तोच ग्रॅनाइट फ्लेम करून, म्हणजे ज्योतीने भाजून खडबडीत मिळतो, जिन्याच्या पायरीला कडेला खाचा पाडून मिळतात. जुन्या मोऱ्यांमध्ये घासून गुळगुळीत न केलेली शहाबादी असायची, ती दिसायला साधी होती, पण पायाखालून जात नव्हती. तोच शहाबाद आजही दगड पुरवतोय. आणायला नको, कारण ब्रोशरच्या फोटोत तो चमकत नाही.

मला फुकट काही नको. खोक्यावर किमतीच्या शेजारी तेवढ्याच मोठ्या अक्षरात ए, बी किंवा सी छापा, आणि दुकानात एक ओली फरशी आडवी ठेवा, लोकांना चपला काढून तिच्यावर उभं राहू द्या. बिल्डरने फ्लॅटच्या करारात नुसतं ‘उच्च प्रतीच्या टाइल्स’ असं लिहायचं नाही. बाथरूमला कोणत्या वर्गाची टाइल घालणार ते लिहायचं, आणि ताबा देताना बादलीभर पाणी ओतून ते जाळीत जातं की नाही हे घरमालकासमोर दाखवायचं.