‘घराचा म्होरक्या तुम्हीच’: एका सल्ल्याचा प्रतिवाद

नवीन कुत्रा घरी आणणाऱ्यांसाठी एक संदेश नागपुरातील श्वानपालकांमध्ये सतत फिरत असतो. कुत्रा हा लांडग्याचा वंशज असून कळपात म्होरक्या एकच असतो, तेव्हा आल्या दिवसापासून घरच्यांनी त्याच्याआधी जेवावे, दारातून आधी बाहेर पडावे, तो गुरगुरला तर त्याला उताणा पाडून दाबून धरावे आणि जुन्या कुत्र्याशी त्याची जुंपली तर मध्ये पडू नये, ‘त्यांचे ते ठरवतील’, असे त्यात सांगितलेले असते.

लांडग्यांचा हा दाखला मुळातच डळमळीत आहे. कळपातले स्थान झुंजीतून ठरते, ही प्राणिवर्तनाचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी 1947 साली मांडलेली निरीक्षणे बंदिस्त जागेत एकत्र ठेवलेल्या लांडग्यांची होती. ही कल्पना पुढे लोकप्रिय करणारे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनीच रानातल्या लांडग्यांचा दीर्घ अभ्यास करून 1999 मध्ये लिहिले की, नैसर्गिक कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्ले. तिथे नेतृत्व झुंजीत जिंकावे लागत नाही.

आधी जेवण्याने नुकसान काही नाही, उपयोगही नाही. दाराशी थांबायला मात्र जरूर शिकवावे, पण ते समोरच्या रस्त्यावरील वाहनांसाठी. पोळीचा तुकडा हाती असला की कुत्रा ते लवकर शिकतो.

उताणे पाडण्याचा सल्ला सर्वांत घातक आहे. अमेरिकेत वर्तनविषयक तक्रारींसाठी दवाखान्यात आणलेल्या कुत्र्यांच्या मालकांचे एक सर्वेक्षण 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात हा उपाय करणाऱ्यांपैकी सुमारे 31 टक्के, तर मारणाऱ्या-लाथाडणाऱ्यांपैकी सुमारे 43 टक्के मालकांवर कुत्रा उलटला होता. ही आधीच बिघडलेली प्रकरणे होती, हे मान्य. परंतु अशाच घरांत हा संदेश सर्वाधिक वाचला जातो. गुरगुरणे ही पूर्वसूचना असते, ती दडपली की कुत्रा न गुरगुरता चावायला शिकतो. आणि रस्त्यावरून आणलेल्या, लसीकरणाचा पत्ता नसलेल्या कुत्र्याच्या बाबतीत त्यानंतर जखम साबणपाण्याने पंधरा मिनिटे धुऊन थेट रेबीजच्या इंजेक्शनांसाठी धावावे लागते.

‘त्यांचे ते ठरवतील’ हे वाक्य तर मे महिन्यात नागपुरातल्या कोणत्याही बैठकीच्या खोलीत तपासून पाहावे. बाहेर पारा 45 अंशांपाशी असताना कूलरच्या झोताची जागा वाटीतल्या दुधापेक्षा मोलाची ठरते. जुना कुत्रा तिथे पसरलेला असतो, नवा जवळ येतो; जुन्याचे अंग ताठ होते, मान न हलवता तो डोळ्यांच्या कडेने पाहतो, ओठ किंचित वर जातो. इथे तंटा जागेचा आहे, आणि दोन ओली पोती झोतात अंतर ठेवून टाकली की तो बहुतेक वेळा मिटतो. जेवण वेगवेगळ्या खोल्यांत, दार लावून द्यावे. पहिली भेट घराबाहेर, दोघांच्याही परिचयाच्या नसलेल्या रस्त्यावर घडवावी: पहाटे, डांबर तापण्यापूर्वी, दोघांनी दोन कुत्र्यांना पट्ट्याने धरून, मध्ये अंतर राखून एकाच दिशेने चालत जावे.

एवढे करूनही जुंपलीच, तर मध्ये हात घालू नये. मोठा पुठ्ठा किंवा पाट आडवा सारावा. आजवर शांत असलेला जुना कुत्रा एकाएकी अंगावर जाऊ लागला, तर कान, दात किंवा सांधे दुखत असण्याची शक्यता असते, म्हणून त्याला आधी पशुवैद्याकडे न्यावे.