तान्ह्या बाळाची आई आणि प्रार्थना
मुलं उठायच्या आधी आईने प्रार्थनेला बसावं, असं लेखिका ताईंनी आपल्या लेखात म्हटलंय, ते चांगलंच आहे. पण तान्हं बाळ रात्रभर जागवत असेल तर ते जमत नाही, आणि तिथे विश्वास कमी पडतो असंही नाही. बायबलमधल्या ‘१ राजे’ या पुस्तकाच्या १९व्या अध्यायातला संदेष्टा एलीया बघा. थकून, झुडपाखाली बसून मरण मागत होता. देवदूताने उपदेश केला नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर दिली, पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, परत उठवून खायला सांगितलं. होरेब डोंगरापर्यंतची ४० दिवसांची वाट त्यानंतरची! केवढी कृपा ही. बाळाला खांद्यावर थोपटत, एका हाताने बाटली विसळताना मी ‘प्रभू, सोबत राहा’ एवढंच म्हणते, आणि खरंच धीर येतो. अशा आयांसाठीही ताईंनी जरूर लिहावं.