पगार निकालाला जोडा म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

‘शाळा सुधारण्याचे पाच सोपे उपाय’ हा मेसेज सध्या मुंबईतल्या पालकांच्या ग्रुपांवर फिरतो आहे. आमच्या घरच्या ग्रुपवर तो माझ्या भाच्याने टाकला, खाली ‘शंभर टक्के सहमत’ असं लिहून. त्याच ग्रुपवर त्याची मावशी, म्हणजे माझी धाकटी बहीण आहे. ती गोवंडीत महापालिकेच्या शाळेत शिकवते. तिने मेसेज वाचला आणि गप्प बसली. अनुदानित शाळेत पर्यवेक्षक म्हणून मी शिक्षकांचं काम बघण्यातच नोकरी घालवली, त्यामुळे मला गप्प बसवत नाही.

मेसेजमधले उपाय असे. एक, शिक्षकाचा पगार वर्गाच्या निकालाला जोडा. दोन, प्रत्येक वर्गात कॅमेरा लावून तो पालकांच्या मोबाइलवर दाखवा. तीन, शाळेच्या समुपदेशकाने दर महिन्याला किती मुलं ‘सुधारली’ याची नावांसकट यादी मुख्याध्यापकांना द्यावी. चार, पालकांनी शिक्षकांना ॲपवर स्टार द्यावेत. पाच, शिक्षकाला कायद्याने कुणी काढूच शकत नाही, म्हणून तो कायदाच रद्द करा. आणि शेवटी ‘परदेशात सगळीकडे हेच चालतं’ हे वाक्य.

सुरुवात तिसऱ्यापासून करते, कारण त्याची किंमत मुलांना मोजावी लागेल. नववीतली मुलगी समुपदेशकांच्या खोलीत येते तेव्हा पहिल्या दिवशी पोट दुखतं, अभ्यासात लक्ष लागत नाही, एवढंच सांगते. घरात वडील रोज पिऊन येतात, किंवा कुणीतरी तिचे फोटो पसरवायची धमकी देतं आहे, हे तोंडातून निघायला अनेक भेटी जातात. ती बोलते ती एकाच भरवशावर, की हे या खोलीबाहेर जाणार नाही. आता तिचं नाव यादीत घाला. यादी मुख्याध्यापकांच्या टेबलावर जाणार, तिथे क्लार्क, शिपाई, इतर शिक्षक सगळे ये-जा करतात. मधल्या सुट्टीपर्यंत स्टाफरूममध्ये कुजबुज, संध्याकाळी आईला फोन. ती मुलगी पुन्हा त्या खोलीची पायरी चढणार नाही, आणि तिला पाहिलेल्या दहाजणीही चढणार नाहीत.

शिवाय ‘सुधारली’ म्हणजे काय? आकडा मागितला की आकडा मिळतो. समुपदेशक लवकर हसू-बोलू लागणारी मुलं घेतील. जो मुलगा स्वतःला इजा करून घेतो, ज्याच्यासोबत वर्षभर बसावं लागतं, तो यादीत वर्षभर ‘न सुधारलेला’ दिसेल. मग त्याच्यासाठी वेळ कोण काढणार?

कायद्याला गुप्ततेची मर्यादा कळते. लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर २०१२च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं. न कळवणं कलम २१ प्रमाणे गुन्हा आहे. मुलाच्या जिवाला धोका असेल तर पालकांना सांगायचंच. बाकीचं त्या खोलीतच राहतं. समुपदेशकांचं काम तपासायला मेसेजवाल्यांची यादी लागत नाही. बाहेरच्या अनुभवी समुपदेशकासमोर, मुलाचं नाव न घेता, नियमाने केसवर चर्चा व्हायला हवी. नोंदी वेळेवर आहेत का, ज्या मुलाला मानसोपचाराची गरज होती त्याला केईएम, सायन, नायरच्या ओपीडीकडे वेळेत पाठवलं का, हे बघावं. आणि त्याआधी शाळेने हे तपासावं की समुपदेशकांना दार बंद होणारी खोली दिली आहे का, की रिकाम्या तासाला वर्ग सांभाळायलाच पाठवलं जातं.

आता पगार आणि निकाल. हा उपाय नवा आहे असं मेसेज लिहिणाऱ्याला वाटतं. मुंबई इलाख्यात इंग्रजांच्या काळात निकाल पाहून शाळांना अनुदान देण्याची पद्धत चालू होती. १८८२ साली शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी जे निवेदन दिलं, त्यात त्यांनी तिच्यावर स्पष्ट मत दिलं आहे: गरीब, अशिक्षित लोकांमध्ये शिक्षण पसरवायला ही पद्धत मुळीच योग्य नाही, कारण त्यांच्यात शिक्षणाची गोडी अजून निर्माण व्हायची आहे. अशा वस्तीत कुणी शिक्षक स्वतःच्या जबाबदारीवर शाळा काढणार नाही, त्याचं पोटच भरणार नाही, असंही ते म्हणतात.

यावर ‘म्हणजे शिक्षकांना मोकळं सोडा’ असं म्हणणाऱ्यांनी तेच निवेदन पुढे वाचावं. फुले शिक्षकांची भलामण करत नाहीत. डेप्युटी इन्स्पेक्टर वर्षातून एकदा येऊन काही उपयोग नाही, निदान दर तीन महिन्यांनी तपासणी करा आणि मधूनच न कळवताही जा, असं ते सांगतात. गावच्या आणि जिल्ह्याच्या अंमलदारांवर विसंबू नका, त्यांच्यामागे इतर कामं इतकी की ते फिरकत नाहीत, आणि आले तरी तपासणी वरवरची होते. सोबत शिक्षक प्रशिक्षित असावा आणि त्याला महिना १२ रुपयांपेक्षा कमी पगार नसावा, मोठ्या गावात १५ ते २०, हीही मागणी आहे. प्रशिक्षण द्या, पोटापुरता पगार द्या, आणि मग वर्गात जाऊन वारंवार बघा. हे सांगून १४० वर्षं उलटली, आणि आपण पुन्हा निकालाच्या आकड्याशी येऊन बसलो आहोत.

गोवंडी-मानखुर्दच्या वर्गात ही पद्धत लावून पाहा. पटावर नाव असलेली मुलं गावी गेली की महिनोन्‌महिने परत येत नाहीत. घरात दहा बाय दहाच्या खोलीत अभ्यासाला जागा नाही. तिथल्या बाईंचा पगार पार्ल्याच्या शाळेतल्या निकालाशी तोलला, तर पुढच्या वर्षी त्या बदली मागतील, आणि त्यांना दोष देता येणार नाही. आठवीपर्यंत तर शिक्षण हक्क कायद्याने मुलांना वर्षानुवर्षं नापास केलंच जात नव्हतं, मग कोणता निकाल धरणार? राहिली दहावी. शंभर टक्के निकालाचे फलक गेटवर लावायला काही शाळा काय करतात ते मुंबईतल्या पालकांना ठाऊक आहे: कच्ची मुलं नववीतच गाळायची, नाहीतर सतरा नंबरचा, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसायचा, फॉर्म हातात द्यायचा. पगार जोडला की हे सगळीकडे होईल.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करते. आंध्र प्रदेशातल्या ग्रामीण सरकारी प्राथमिक शाळांत कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी बोनसचा प्रयोग केला, तो २०११ साली प्रसिद्ध झाला. बोनसच्या शाळांतली मुलं दोन वर्षांनी गणितात आणि भाषेत पुढे निघाली. पण तिथे पगाराला हात लावला नव्हता. वरून मिळणारा बोनस वर्षाच्या पगाराच्या तीन टक्क्यांच्या आसपास होता, मूल आधी कुठे होतं आणि कुठवर आलं हे धरलं होतं, आणि चाचण्या शाळेने घेतल्या नव्हत्या. मेसेजमध्ये यातलं काहीच नाही. आणि अमेरिकेत नॅशव्हिलला २००६ ते २००९ गणिताच्या शिक्षकांना वर्षाला १५,००० डॉलरपर्यंत बोनस देऊनही मुलांच्या गुणांत एकूणात फरक पडला नाही. तेव्हा ‘परदेशात सगळीकडे हेच चालतं’ हे वाक्य तरी काढून टाका.

कॅमेरा: गेटवर, जिन्यात, व्हरांड्यात हवाच. २०२४ला बदलापूरच्या घटनेनंतर सरकारने तो सक्तीचा केला ते बरोबरच होतं. पण तो सुरक्षेसाठी. भागाकार मुलांना कळला की नाही हे कॅमेऱ्यात दिसत नाही. आणि माझ्या मुलाला बाई रागावल्या हे वर्गातल्या बाकीच्या सगळ्या घरांनी मोबाइलवर का बघावं?

स्टारबद्दल फार लिहीत नाही. गृहपाठ कमी देणारे आणि गोड बोलणारे शिक्षक जिंकतील.

शेवटचा मुद्दा, शिक्षकाला काढता येत नाही. येतं. खासगी शाळांसाठी कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७चा कायदा आणि १९८१ची नियमावली आहे. परिविक्षेच्या, म्हणजे नोकरी कायम होण्याआधीच्या, दोन वर्षांत काम समाधानकारक नसेल तर महिन्याच्या नोटिशीवर सेवा संपवता येते. पुढे दरवर्षी गोपनीय अहवाल, प्रतिकूल शेरा लेखी कळवणं, चौकशी समिती, न्यायाधिकरण. वाट लांब आहे, हे खरं. पण निकामी शिक्षक टिकतो तो बहुतेक वेळा कागद नसतो म्हणून. मुख्याध्यापकांचं लॉगबुक, म्हणजे वर्ग बघितल्याची नोंदवही, शिक्षण निरीक्षक येणार म्हणून आदल्या रात्री एका बैठकीत, एकाच पेनाने भरलं जातं. ‘फलकलेखन चांगले, टाचण आहे, वर्गनियंत्रण ठीक’ हे शेरे चांगल्या शिक्षकालाही तेच आणि वाईटालाही तेच. असल्या नोंदींवर कुणाला काढता येत नाही आणि कुणाला सुधारताही येत नाही.

निरीक्षण म्हणजे शेवटच्या बाकावर पूर्ण तास बसणं. कोणत्या मुलांना प्रश्न गेले, कुणाला एकदाही नाही, चुकीच्या उत्तराचं बाईंनी काय केलं, हे लिहायचं. त्याच दिवशी त्यांच्याशी बोलायचं आणि पंधरवड्याने परत जाऊन फरक बघायचा. पण मुख्याध्यापकांचा दिवस सरल आणि यू-डायस या सरकारी पोर्टलांवर माहिती भरणं, पोषण आहाराचे हिशेब आणि निवडणुकीच्या कामाच्या याद्या यांत संपतो. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ जनगणना, आपत्ती आणि निवडणूक या कामांना मुभा देतं, त्यामुळे तक्रारही कुठे करणार?

भाच्यासारख्या पालकांना खरंच काही करायचं असेल तर अनुदानित आणि पालिकेच्या शाळांच्या व्यवस्थापन समितीत ७५ टक्के जागा पालकांच्याच आहेत. तिथे विचारा: या सत्रात मुख्याध्यापक कोणत्या तारखेला, कोणाच्या वर्गात, किती वेळ बसले, आणि नंतर त्या शिक्षकाशी काय बोलणं झालं.