रक्तस्राव चालू असताना आलेल्या 'निगेटिव्ह'वर थांबू नका

अल्सरमधून रक्तस्राव होऊन गेलेला पेशंट फेरतपासणीला येतो. डिस्चार्ज कार्डावर 'एच. पायलोरी : निगेटिव्ह', म्हणजे अल्सर करणारा जठरातला जंतू सापडला नाही, असं लिहिलेलं असतं, आणि विषय तिथेच मिटलेला असतो. मला हे अजिबात पटत नाही. ती तपासणी नेमकी कधी केली, हे आधी विचारायला हवं.

बहुतेक वेळा ती रक्तस्राव चालू असतानाच्या एंडोस्कोपीत, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून केलेल्या तपासणीत, केलेली असते. जठराच्या अस्तराचा कणभर तुकडा युरिया असलेल्या पिवळ्या जेलमध्ये टाकतात. जंतू असेल तर त्याचं युरिएज हे एन्झाइम युरियापासून अमोनिया तयार करतं आणि पिवळं जेल गुलाबी होतं. एरवी ही फार चांगली टेस्ट आहे. पण जठरात रक्त साचलेलं असलं की ती हमखास कच्ची पडते. या परिस्थितीतल्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हा तिची संवेदनशीलता सुमारे ६७ टक्के निघाली. म्हणजे जंतू असलेल्या दर तिघांपैकी एक जण चक्क निसटतो! पॉझिटिव्ह आली तर मात्र बिनधास्त विश्वास ठेवावा आणि उपचार सुरू करावेत.

त्यात भर म्हणजे पेशंट दाखल होताच शिरेतून पीपीआय, म्हणजे आम्ल कमी करणारं औषध, सुरू होतं. ते योग्यच आहे, जीव वाचवणं आधी. पण या औषधाने जंतूंची संख्या घटते आणि ते जठराच्या खालच्या भागातून वर सरकतात. म्हणून तुकडे दोन्ही भागांतून घ्यावेत आणि पॅथॉलॉजीलाही पाठवावेत. रक्तातल्या अँटिबॉडीच्या तपासणीवर रक्तस्रावाचा किंवा पीपीआयचा परिणाम होत नाही, पण जुना, बरा झालेला संसर्गही ती बराच काळ दाखवत राहते.

माझं म्हणणं एवढंच आहे की निगेटिव्ह आली तर अल्सर भरल्यावर तपासणी पुन्हा करा. श्वासाची टेस्ट किंवा शौचातल्या अँटिजेनची, म्हणजे जंतूच्या अंशाची, टेस्ट चालते. त्याआधी पीपीआय किमान दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे बंद असावं लागतं. हे बंद करणं डॉक्टरांना विचारूनच, कारण रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यांना पीपीआय सोडणं धोक्याचं ठरू शकतं.

पेनकिलर घेत होता, त्यानेच अल्सर झाला असणार, हे कारणही घाईने पुढे केलं जातं. अहो, जंतू आणि पेनकिलर दोन्ही एकत्र असू शकतात, आणि तेव्हा धोका आणखी वाढतो.

बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या डॉक्टरांनी १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थला हा जंतू वाढवून दाखवला, २००५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. जंतू गेला की पुन्हा रक्तस्राव होण्याची शक्यता खूपच कमी होते, हे आज पक्कं माहीत आहे. तरीही जंतूची तपासणी पुन्हा करणं राहून जातं, कारण वॉर्डवाल्यांना वाटतं ओपीडीत होईल आणि ओपीडीत कार्डावरचं निगेटिव्ह वाचून पान उलटलं जातं. डिस्चार्ज देतानाच 'रक्तस्राव चालू असताना केलेली तपासणी, पुन्हा करावी' असं तारखेसकट लिहायला काय हरकत आहे? आणि घरच्यांनो, तसं लिहिलेलं नसेल तर तुम्ही विचारा.