लष्करी सेवा सक्तीची झालेली नाही

कोथरूड-कर्वेनगरच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'अठरा पूर्ण झालेल्या प्रत्येकाला सैन्यात जावंच लागणार, नकार दिल्यास तुरुंग. संविधानाचं कलम ५१क.' वर अशोकस्तंभ, खाली 'लगेच पुढे पाठवा'. दहावी-बारावीच्या मुलांच्या आया धास्तावल्या आहेत, म्हणून लिहितेय.

हे खोटं आहे. कलम ५१क १९७६च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आलं. त्यात देशाचं रक्षण करणं आणि आवाहन झाल्यावर राष्ट्रसेवा करणं हे कर्तव्य सांगितलंय खरं, पण ते मोडल्याची शिक्षा त्या कलमात कुठेच नाही. कलम २३ नुसार सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लावता येते, पण सरसकट सगळ्या तरुणांना सैन्यात भरती करणारा कायदा आज नाही. २०२२ची अग्निपथ योजना, आपल्या खडकवासल्याची एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी), कॉलेजातलं एनसीसी, सगळं स्वेच्छेचं. शिक्षा आहे ती भरती झाल्यावर पळून जाणाऱ्याला, लष्कर कायदा १९५०, कलम ३८ खाली.

दक्षिण कोरियात पुरुषांना सैन्यसेवा सक्तीची आहे. तिथे नकार देणारे वर्षानुवर्षं तुरुंगात गेले. २०१८मध्ये तिथल्या संविधान न्यायालयाने अशांसाठी सैन्याऐवजी पर्यायी सेवेची सोय करायला सांगितलं.

'प्रश्न विचारणारे देशद्रोही' ही मेसेजची शेवटची ओळ मला सगळ्यात जास्त खटकली. राज्यासाठी लढणं नागरिकावर बंधनकारक असावं का, हे विचारणं गुन्हा नाही. घरात मुलाने विचारलं तर त्याला गप्प करू नका.

मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.