हिशेब मागू नये, जायपत्री घ्यावी

पैसा आणि कुटुंब कसे सांभाळावे हे सतराव्या शतकातील डच व्यापाऱ्यांकडून शिकावे, असे गेल्या आठवड्यात एका गुंतवणूक मेळाव्यातील वक्त्यांनी सांगितले. दोन वर्षे अडकलेल्या माझ्या ठेवीचे काय, असे विचारताच त्यांनी ‘नकारात्मक बोलू नका’ म्हणत माझ्या हाती सुक्या मेव्याचा डबा ठेवला. घरी येऊन मी आज्ञाधारकपणे ॲमस्टरडॅमच्या इसाक ल मेर या व्यापाऱ्याचे चरित्र वाचले. त्यातला बोध आपल्या चरणी सादर आहे.

मुले २२ होऊ द्यावीत. त्याला तेवढी होती.

१६०२ साली डच ईस्ट इंडिया कंपनी निघताच त्याने ८५,००० गिल्डर (तेव्हाचे डच नाणे) घातले, तसे आपणही घालावेत आणि पुढे रोख लाभांशाचा हट्ट धरू नये. आठ वर्षे थांबलेल्या भागधारकांच्या पदरात १६१० साली पहिला लाभांश पडला तो जायपत्रीच्या रूपाने. आता ती पोती घरात कुठे रचायची, आणि सगळ्यांनी एकदम विकायला काढल्यावर तिला भाव कोण देणार, हे विचारणारा अर्थातच नकारात्मक! दहा वर्षांनी हिशेब देण्याचे कंपनीच्या सनदेतच लिहिले होते. तो दिला नाही. १६२२ साली चिडलेल्या भागधारकांनी पत्रक काढून टोमणा मारला की, हिशेबाच्या वह्यांना चरबी फासून त्या कुत्र्यांना खाऊ घातल्या असाव्यात. इसाकने १६०९ साली साथीदारांसह हातात नसलेले शेअर, पुढे स्वस्तात घेऊन देऊ या हिशेबाने, विकून भाव पाडले, तेव्हा मात्र याच संचालकांना विधवा आणि अनाथ आठवले आणि पुढच्याच वर्षी अशा विक्रीवर बंदी आली. (इसाकही काही हरिश्चंद्र नव्हता; खर्चाच्या बिलांत घोळ केल्याच्या आरोपावरून १६०५ साली त्याला कंपनीतून बाहेर पडावे लागले होते.)

मुलाला धंद्यात घालावे. इसाकचा मुलगा याकोब याने १६१६ साली दक्षिण अमेरिकेच्या टोकाला वळसा घालणारा केप हॉर्नचा नवा मार्ग शोधला. कंपनीने आशियाकडच्या सागरी मार्गांवरील आपली मक्तेदारी मोडल्याचे सांगून त्याचे जहाज जप्त केले आणि परतीच्या प्रवासात तो वारला. बापाने खटला लढून जहाजाची भरपाई मिळवली.

इसाक १६२४ साली गेला. तीस वर्षांत पंधरा लाख गिल्डर गमावले, अब्रू मात्र राखली, असे त्याच्या थडग्यावर कोरले आहे. वक्ते महाशय, तुम्ही हे वाचलेले नाही. लोकांचे पैसे अडकवून ठेवायचे, विचारले की इतिहास सांगायचा, ही निव्वळ लबाडी आहे. आणि त्यावर टाळ्या पिटणाऱ्या आम्हा शिकल्यासवरल्यांना लाज वाटली पाहिजे. डबा परत आणून देतो. ठेव कोणत्या तारखेला देता, ते लेखी द्या.